आठ गुणिले बेचाळीस

"किती लांबचं दिसतं हो यातून?" पक्षी बघायला नव्याने येणारा प्रत्येकजण दुर्बीण हातात घेतल्यावर हेच विचारतो. मीही हेच विचारून पहिली दुर्बीण घेतली होती. २०×५०, रस्त्यावरच्या दुकानातली, माणकासारख्या लाल चमकणाऱ्या काचांची. थंडीतल्या एका सकाळी सिंहगडाच्या दरीत ती डोळ्यांना लावली. समोर स्वर्गीय नर्तक बसला होता आणि मला दिसत होती फक्त थरथरणारी पानं. पक्षी वीसपट मोठा होतो, तसा हाताचा कंपही वीसपट होतो. शिवाय तो लाल मुलामा लाल प्रकाश बाहेरच परतवतो, त्यामुळे आतलं चित्र हिरवट दिसतं. पक्षी रंगांवरून ओळखणाऱ्याला असली काच काय कामाची?

आज कुणी विचारलं, तर मी ८×४२ सांगतो. आठ म्हणजे किती पट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. बेचाळीसला आठाने भागा: सव्वापाच. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. आपली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर उघडते, पण पहाटेच्या झाडीत ती बरीच मोठी होते. खिशात मावणाऱ्या १०×२५ मधून अडीच मिलिमीटरच प्रकाश मिळतो. म्हणजे पक्षी सर्वांत जास्त हलतात-बोलतात त्या वेळी चित्र काळवंडलेलं!

दुसरी गोष्ट दृश्याच्या रुंदीची. चांगल्या आठपटीच्या दुर्बिणीतून किलोमीटरभर अंतरावर साधारण १३० मीटरचा पट्टा दिसतो. दहापटीत तो आक्रसतो. ताम्हिणीच्या रानात फांदीवरून फांदीवर जाणारा पक्षी याच रुंदीमुळे सापडतो. भिगवणच्या मोकळ्या पाण्यावर मात्र १०×४२ शोभते. तिथली फार लांबची बदकं तिवईवरच्या स्पॉटिंग स्कोपनेच पाहावीत.

पैसे बेताचे असतील, तर जुन्या धाटणीची, खांद्यात रुंद, पोरो लोलकांची दुर्बीण घ्या. त्याच किमतीच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा तिचं चित्र बहुधा उजळ असतं. पण ती सहसा हवाबंद नसते आणि कोकणच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चष्मा असेल, तर डोळ्यांकडच्या वाट्या आत फिरवून, चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतोय का, हे दुकानातच पाहा. आणि काच शर्टाच्या टोकाने कधीही पुसू नका. आधी धूळ फुंकणीने उडवा.

घेतल्यावर पाच मिनिटं काढून ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवा. उजवी बाजू झाकून मधल्या चक्राने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, चक्राला हात न लावता उजवीकडची कडी फिरवा. कितीतरी माणसं वर्षानुवर्षं ही कडी न फिरवताच डोकं दुखतं म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. सूर्याकडे कधीही रोखायची नाही.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो, सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. खरेदीआधी त्या आठवड्यात एखाद्या सकाळच्या फेरीला या, चारजणांच्या दुर्बिणी मागून पाहा. कुणी नाही म्हणत नाही. माझीही देईन, पट्टा तेवढा आधी गळ्यात घाला.