आधी सातभाई ऐकावेत

आगरात एखादा वेगळा पक्षी येतो, तेव्हा तो आपल्याला सहसा आधी दिसत नाही. आधी कळतं ते सातभाई, बुलबुल आणि दयाळ यांना. कोकणातल्या घराच्या मागच्या पडवीत बसून मी पाखरांबद्दल जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं या तिघांनी शिकवलं. परसातलं पक्षीनिरीक्षण कुठून सुरू करावं, असं कुणी विचारलं तर दुर्बिणीचं नाव मी शेवटी घेतो. पहिला पावसाळा नेहमीच्या पाखरांचे आवाज कानात बसवण्यात घालवा, असं सांगतो.

त्यांच्या ओरडण्यात फरक असतो. शिक्रा माडांवरून झपकन गेला की एक बारीक, ताणलेली शीळ उठते आणि सगळं आगर गप्प होतं. ती शीळ कोणत्या झाडातून आली ते मात्र सांगता येत नाही. पीटर मार्लर या संशोधकाने १९५५ साली त्याचं कारण मांडलं होतं. उंच पट्टीतला, हळूच सुरू होऊन हळूच विरणारा आवाज ऐकणाऱ्याला दिशा लागू देत नाही. म्हणून सावध करणारा पक्षी स्वतः शिकाऱ्याच्या तावडीत सापडत नाही. बसलेलं घुबड किंवा जायफळाखालून सरकणारा साप दिसला की सगळं उलट होतं. खरखरीत, तुटक कलकलाट सुरू होतो, आणि तो कुठून येतो आहे हे सगळ्यांना कळावं हाच त्याचा उपयोग. नाचण शेपटीचा पंखा उघडून पुढे येतो, एवढासा शिंपी गळा फोडून ओरडतो, सातभाई फांदीभर पसरतात. अशा वेळी ओरडणाऱ्यांकडे पाहू नये. त्यांच्या चोची जिकडे वळल्या आहेत तिकडे पाहावं. आमच्या फणसावरचं वनघुबड मला असंच सापडलं. खोडाला टेकून, सालीच्या रंगात मुरून ते दिवसचे दिवस तिथे बसत होतं आणि त्याच्या खालून आमची न्हाणीघराकडे ये-जा चालू होती.

नवरंगाची गोष्ट वेगळी, कारण त्याच्यावर कुणी ओरडत नाही. मे महिना सरता सरता, वारा फिरला की तो येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून पावसाळ्यात विणीसाठी वर सरकणारा हा पक्षी रात्री उडतो आणि पहाटे जिथे झाडी दिसेल तिथे उतरतो. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा डाग, बदामी पोट, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. एवढे रंग अंगावर असूनही तो सावलीत सहज हरवतो. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची मोकळी शीळ येते, पण मला तो बहुतेक वेळा कळतो पाचोळ्याच्या आवाजावरून. कोंबडी उकरते ती एकसारखी. सातभाई उतरले की नुसता धुडगूस. सापसुरळी सरसर जाते, थांबते, पुन्हा सरसर. नवरंग दोनतीन उड्या मारतो, थबकतो, एक पान उलटं फेकतो, पुन्हा थबकतो. तो थबकण्याचा वेळ ओळखता आला की मान न वळवतासुद्धा पाहुणा कोण ते समजतं. तसाच आवाज केशरी डोक्याच्या कस्तुराचाही येतो, पण त्याचं पान फेकणं जास्त जोरकस.

पण पान फेकायला आधी पान हवं. कोकणात फाल्गुन-चैत्रात आगरातला पातेरा गोळा होतो. थोडा राब भाजायला, थोडा आंब्याच्या आळ्यांत, उरला तो न्हाणीच्या चुलीत. विहिरीकडचा, जायफळ आणि रातांब्यांखालचा पातेरा मी हलवू देत नाही. यावरून दर वर्षी आत्याचं आणि माझं बोलणं होतं. "अरे, जनावर येऊन बसलं तर त्यात दिसायचं तरी का?" ती म्हणते, आणि तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून अंगण, पाणंद आणि विहिरीची वाट लख्ख झाडलेली असते, रात्री विजेरीशिवाय तिकडे कुणी जात नाही. उरलेला कोपरा मात्र पाखरांचा. ओल्या पानांखाली गांडुळं, हुमण्या, रातकिडे, गोगलगाई, वाळवी असं सगळं असतं. रात्रभर उडून आलेल्या नवरंगाला पहाटे हेच लागतं. झाडून गुळगुळीत केलेल्या बागेत त्याने उतरून करायचं काय?

विहिरीमागची मातीची दरड आम्ही दगडांनी बांधून घेतली नाही, तीही अशीच एका पाखरासाठी. पाऊस लागला की तिबोटी खंड्या येतो. बोटाएवढा म्हणावा असा जीव, चोच धरून जेमतेम तेरा सेंटीमीटर, अंगावर पिवळा, नारिंगी, जांभळा. नर-मादी मिळून दरडीत आडवं बीळ खणतात, माती पायांनी मागे फेकतात. नावाने खंड्या असला तरी पिल्लांसाठी आणतो ते कोळी, नाकतोडे, बेडकं आणि सापसुरळ्या. स्वतःच्या लांबीची सापसुरळी चोचीत धरून हा पक्षी फांदीवर आपटत बसतो, ते पाहताना माझा चहा गार होतो. हे पाहायचं तर लांबून, एका जागी बसून. बिळासमोरच्या फांद्या छाटून, फ्लॅश लावून, नेमक्या जागी काठी रोवून फोटो काढणारे लोक मला अजिबात चालत नाहीत. आडोसा गेला की बीळ कावळ्याला, मुंगसाला आणि सापाला उघडं पडतं. फोटो चांगला येतो, आणि पिल्लं जातात.

काचांबद्दलही बोललं पाहिजे, कारण हल्ली गावातसुद्धा मोठमोठ्या काचांची घरं उभी राहतात. नवरंग आणि तिबोटी, दोघेही रात्रीचे प्रवासी, त्यांवर येऊन आदळतात. असा पक्षी सापडला तर चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला अंधारात, मांजरापासून दूर ठेवावं. उघडून उघडून पाहू नये. तासाभराने बहुतेक वेळा आतून खडखड ऐकू येते. मग जवळच्याच झाडीत सोडून द्यावं. पंख लोंबत असेल तर वनखात्याला कळवावं.

स्वर्गीय नर्तकासाठी मी उथळ पसरट पाणी ठेवतो, बोटभर खोल, रोज घासलेलं. तो हिवाळ्यात येतो आणि उन्हं उतरली की फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो.

लोकांना अशा पाहुण्यांचीच यादी हवी असते. मला नेहमीच्यांचं टिपण जास्त मोलाचं वाटतं. डॉ. सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला घराशेजारच्या सुगरणींची वसाहत पाहिली. गावातल्या पोरांच्याही ओळखीचा तो पक्षी. पण नर घरटं अर्धवट विणतो, मादीने ते पसंत केलं की पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो, हे १९३० च्या सुमारास तासन् तास तिथे बसून त्यांनी नोंदवलं.

सध्या मला सातभाईंचंच एक कोडं पडलं आहे. पावशा त्यांच्या घरट्यात अंडं घालतो आणि रंगाने, उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. तो आगरावरून गेला की सातभाई शिक्र्यासाठीचीच शीळ घालतात, की त्यांना फरक कळतो? दोन्ही वेळची टिपणं मी वेगवेगळ्या पानांवर ठेवतो आहे. पावशाचं पान अजून अर्धंही भरलेलं नाही.