सगळं छापलं, वार राहिला

परवा एसटीत एक काकू कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, लेडीज बायकांची सीट कुठंय हो?" मागची कॉलेजची पोरं खिदळली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, गोल सर्कल, शेवटची लास्ट गाडी. यावर शाळेपासून हसत आलोय आपण. पण हसणारेही 'एटीएम मशीन' म्हणतातच की, त्यातला एम मशीनचाच असला तरी. आणि कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट? यात एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा संस्कृताकडचा, अर्थ जवळपास तोच. दोन भाषा शेजारी नांदल्या की माणसं दोन्ही शब्द ठेवतात, एक नाही तर दुसरा समोरच्याला कळतो. काकूंचंही तेच. लेडीज कंडक्टरसाठी, बायका स्वतःसाठी.

मला चीड येते ती दुसऱ्याच फालतू शब्दांची. त्यात माझाही हात आहे.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याची प्रेसनोट आली. 'सर्व नागरिकांना याद्वारे जाहीररीत्या सूचित करण्यात येते की, तांत्रिक अडचणीच्या कारणास्तव पाणीपुरवठा खंडित करण्यात आलेला असून दुरुस्तीचे काम युद्धपातळीवर सुरू करण्यात आलेले आहे, तरी सर्व नागरिकांनी सहकार्य करावे.' पान लावायची घाई होती. आहे तशी लावून मोकळा झालो.

सकाळी शेजारच्या आजी पेपर घेऊन दारात. एकट्याच राहतात, गुडघे गेलेले. म्हणाल्या, "सगळं वाचलं रे बाबा. पण पाणी कधी येणार?"

मी परत वाचलं. मोजले, 28 शब्द. त्यात वार नाही, वेळ नाही, पाइप कुठं फुटला ते नाही. 'करण्यात आलेले आहे' तर आहे, पण कोण करतंय? पत्ता नाही. डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात कोण, कुठे, कधी घोकून घेतलं होतं आमच्याकडून.

फोन लावला. दोन मिनिटांत उत्तर मिळालं: गुरुवारी संध्याकाळी. आदल्या रात्रीच लावला असता तर? आजी तोवर दोनदा हापशावर जाऊन आल्या होत्या, अर्धी अर्धी कळशी घेऊन.

तेव्हापासून प्रेसनोट आली की आधी फोन करतो. साहेब वैतागतात, "अहो, नोटमध्ये सगळं दिलंय ना?"

तुमच्या वॉर्डात अशी बिनतारखेची नोटीस लागली असेल तर खाली फोटो टाका. विचारतो.