तिमाही पास आणि सिल्व्हर कार्ड

१९८८ ते १९९६ अशी आठ वर्षं मी पुणे-मुंबई अप-डाऊन केलं. पहाटे उठून सदाशिव पेठेतून सायकलने स्टेशन गाठायचं आणि सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची. खिशात तिमाही पास. तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या पासाच्या २.७ पटच पैसे पडतात, हे गणित आईने पहिल्याच महिन्यात मांडून दाखवलं होतं. त्यानंतर मी मासिक पास कधी काढला नाही.

पास म्हणजे जागा नव्हे. पासधारकांच्या डब्यात चढायचा हक्क, एवढंच. आरक्षणवाल्यांना नंबर असायचा, आम्हाला नसायचा, पण जनरलच्या रेटारेटीतूनही आम्ही सुटलेले. असे आम्ही मधले. त्या मधल्या हक्काचं सोनं डब्यातल्या माणसांनी केलं. कोण कुठे बसतं हे ठरलेलं असे, आणि लोणावळ्याला चढणाऱ्यासाठी रुमाल टाकलेला असे. एका वर्तमानपत्राची पानं सुटी होऊन सहा जणांत फिरत. घाट उतरताना बोगद्यांच्या अंधारातही गप्पा तुटत नसत. पगाराच्या दिवशी आम्ही डायनिंग कारमध्ये टेबल धरून चीज टोस्ट मागवायचो. १ जून १९३० ला ही गाडी सुरू झाली, म्हणून दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस व्हायचा. तो अजूनही होतो.

माझे वडील गेले, तेव्हा तेराव्याला डब्यातले सतरा जण घरी आले होते. त्यांतल्या निम्म्यांची आडनावं मला त्या दिवशी कळली.

आता माझ्याकडे विमान कंपनीचं सिल्व्हर कार्ड आहे. सल्लागार म्हणून महिन्यातून दोनदा दिल्लीला जावं लागतं आणि मुलगी बंगळुरूला असते, म्हणून लोहगाव विमानतळाच्या फेऱ्या होतात. जुन्या टर्मिनलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. १४ जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं आणि उभं राहणं तरी सुखाचं झालं. सिल्व्हर म्हणजे पुन्हा तीच मधली पायरी. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात तर ते अगदी स्पष्ट आहे: लाउंज, सामानाला प्राधान्य आणि जास्तीचं वजन हे गोल्डवाल्याला. सिल्व्हरला तिकीट वेटलिस्टवर असताना आणि विमानतळावर आयत्या वेळी जागा मागताना अग्रक्रम. याशिवाय आपली कंपनी स्वतःहून जे देते ते.

हे थोडं वाटतं, पण वापरलं तर थोडं नाही. माझ्या कार्डावर काही किलो सामान जास्त नेता येतं. दर दिवाळीला त्या किलोंतून चकलीची भाजणी, मेतकूट आणि बाकरवडी बंगळुरूला जाते, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. काउंटरवर मात्र हे स्वतः सांगावं लागतं. एकदा मी गप्प राहिलो आणि जादा वजनाचे पैसे भरून बसलो. तेव्हापासून सामान काट्यावर चढवण्याआधीच कार्ड दाखवतो.

माझा एक मित्र गोल्ड मिळावं म्हणून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात काम नसताना दिल्लीला जाऊन आला. लाउंजमधल्या चहा-इडलीसाठी एवढ्या पैशांचं तिकीट काढणं मला पटत नाही. पुण्याहून दिल्लीचं उड्डाण जेमतेम दोन तासांचं. घरून उशिरा निघालं की लाउंजची गरजच उरत नाही.

आणि पायरी टिकेल याची खात्री कोण देणार? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. प्रवाशांचे गुण (माइल्स) वेगळ्या कंपनीकडे असल्याने वाचले, पण ज्या विमानांत जेटचं कार्ड चालायचं ती विमानंच उडेनाशी झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिथल्या सभासदांचे गुण नव्या घरी गेले. म्हणून मी गुण साठवत नाही. एका तिकिटापुरते जमले की मुलीला पुण्याला बोलावून घेतो.

प्राधान्याच्या रांगेत मी पाच वर्षं उभा राहतो आहे. सोमवारच्या फेरीला तीच पाच-सात माणसं दिसतात, कानात इयरफोन घालून. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. पासाने मला जागा दिली नव्हती, माणसं दिली होती. कार्ड सामान नेतं, वेळ वाचवतं. मागच्या महिन्यात मीच पुढच्या गृहस्थांना विचारलं, 'सोमवारीच जाता का?' ते म्हणाले, 'हो, तुम्ही पण ना?' सिंहगड रोडला राहतात.

तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आज त्याची आणि गुणांची मुदत बघा, काय काय मिळतं ते एकदा वाचून काढा आणि काउंटरवर मागून घ्या. आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोला.