मायची वाचनखूण

वाचता वाचता झोप आली तर तुम्ही काय करता? कोणी पान मुडपतो, कोणी मोरपीस ठेवतो, कोणी काडेपेटीची काडी. मुडपलेले पान पुढे तेथेच फाटते. म्हणून मी घरी जलरंगांच्या वाचनखुणा तयार केल्या.

कागद जाड हवा. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, पण तो चकचकीत असल्यामुळे त्यावर पाणी ठरत नाही. चित्रकलेचा साधा कागद बरा. 28 बाय 38 सेंटीमीटरच्या एका कागदात 14 सेंटीमीटर लांब व 4 सेंटीमीटर रुंद अशा 18 पट्ट्या निघतात. शिवाय कडेला 2 सेंटीमीटरची पट्टी उरते. ती फेकू नये, तिच्यावर रंग आधी लावून पाहावा. (हेच गणित फळ्यावर असते तर मला जांभई आली असती!) रंगाच्या वडीत रंगाची भुकटी आणि डिंक असतो. तो डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीचा भाऊबंदच रंगपेटीत बसलेला असतो.

माझी माय तिसरीपर्यंत शिकली. आता ती कापूस वेचून आली, भाकरी झाल्या, की ‘श्यामची आई’ वाचते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात धडे नाहीत, ‘रात्री’ आहेत. अशा 42 रात्री. माय म्हणाली, रोज एक रात्र वाचीन. पण वेचणीच्या दिवसांत अर्धी रात्र वाचून झाली की तिचे डोळे मिटतात. जोडाक्षर आले की ती बोट ठेवून थांबते. मी सांगायला गेले की म्हणते, “थांब वो, मले वाचू दे.”

मी तिला विचारले, “माय, तुझ्या खुणेवर मोर काढू?”

“मोर काऊन? पऱ्हाटीचं फूल काढ. पन पाहून काढ. पहिल्या दिशी पिवळं रायते, दुसऱ्या दिशी गुलाबी होते.”

सकाळी मी वावरात गेले. वेचणी चालू होती तरी शेंड्याकडे थोडी फुले होती. एकाच झाडावर एक फूल पिवळसर पांढरे, दुसरे गुलाबी! घरी येऊन पट्टी स्वच्छ पाण्याने ओली केली. फिका पिवळा रंग लावला. तो ओला असतानाच कडेला गुलाबी रंगाचा थेंब सोडला, तो आपोआप आत पसरत गेला. जलरंगात फिका रंग आधी, गडद नंतर. पांढऱ्यासाठी कागदच कोरा सोडावयाचा. म्हणून बोंडातला कापूस मी रंगविलाच नाही, भोवतीची तपकिरी टरफले तेवढी काढली. वाळताना पट्टी वाकडी होते. ती पूर्ण वाळल्यावर दोन वह्यांमध्ये घालून वर रात्रभर पाटा ठेवला. ओली खूण पुस्तकात ठेवू नये, पानाला रंग लागतो. मायने जुन्या लुगड्याच्या काठाचा हिरवा दोरा तिला ओवला.

पुस्तक शाळेच्या पेटीतले. एका घरी एक आठवडा, असा नियम. आठवडा संपला तेव्हा माय पाचव्या रात्रीवर होती. ती काही बोलली नाही. खूण काढून तिने माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटले. मी खूण पुन्हा त्याच पानात ठेवली आणि गुरुजींना सर्व सांगितले. गुरुजी म्हणाले, “राहू दे. पुढच्याने ती हलवायची नाही.”

दोन घरे फिरून पुस्तक पुन्हा आमच्याकडे आले. खूण जागेवर होती. शिवाय आणखी दोन! त्या मुलांनी माझ्याकडून पट्ट्या नेल्या होत्या. एकीवर संत्रे होते, दुसरीवर आपल्या नांदगाव पेठेवरून नागपूरकडे जाणारी लाल एस.टी.

मायने तिन्ही खुणा पाहिल्या. संत्रेवाला आपल्या पुढे गेला हे तिला मुळीच आवडले नाही.

“किती राती झाल्या त्याच्या?”

“एकोणीस.”

त्या दिवशी तिने भाकरी लवकर टाकल्या. आज तिची खूण अकराव्या रात्रीवर आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी