हलव्याचा काटा आणि एका दुपारचे वर्ग

संक्रांत जवळ आली की हलवा शिकवणारे वर्ग निघतात आणि त्यांतले बरेचसे एका दुपारचे असतात. माझं म्हणणं असं की काटेरी हलवा एका दुपारी शिकवताच येत नाही. त्याला आठवडा लागतो. शिकणाऱ्यांचं सारं लक्ष पाकाच्या तारेवर असतं आणि शिकवणारेही तिथेच अडकतात. पाक चांगला हवा, मळी निघालेली हवी, यात वाद नाही. पण एकाच पातेल्यातल्या पाकाने एका परातीत काटा फुटतो आणि शेजारच्या परातीत दाणा गुळगुळीत राहतो. तेव्हा काट्याचं मूळ पाकाच्या पलीकडे शोधायला हवं.

दाण्यावर पडलेला पाक सगळीकडे सारखा बसत नाही. जिथे जरा उंचवटा असतो तो भाग तापल्या परातीला आधी टेकतो, आधी सुकतो आणि पुढचा पाकही त्यालाच आधी लागतो. असा उंचवटा वाढत जातो, खळगा मागे राहतो. पाक चमचाभर जास्त पडला की खळगे भरतात आणि काटा बुजतो. आधीचा थर ओला असताना दुसरा घातला तरी तेच. आच चढली तर साखर दाण्यावर न बसता भुकटी होऊन परातीत पडते. म्हणजे काट्याचा निकाल दोन चमच्यांमधल्या वेळात लागतो, आणि तो वेळ रोज बदलतो. ढगाळ, दमट हवेत थर सुकतच नाही, दाणे एकमेकांना चिकटतात. कोरड्या थंडीच्या पहाटे तोच थर झटकन सुकतो. मळी काढण्यासाठी लिंबू पिळणाऱ्यांनीही हात आखडता घ्यावा. आंबटामुळे उकळत्या पाकातली काही साखर फुटते, तिचे स्फटिक नीट बनत नाहीत आणि काटा बोथट होतो. दुधाने मळी काढली की हा प्रश्नच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, थर्मामीटर वापरा. जरूर वापरावा, पण तो पातेल्यातल्या पाकाची उष्णता सांगतो. परातीतला थर सुकला की नाही, ते दाणे हलवताना पेरांना लागणाऱ्या खरखरीतूनच कळतं. ‘काटा फक्त हातालाच येतो’ हा आम्हा हलवा करणाऱ्यांचा लाडका दावा आहे. तो मलाही सुखावतो, आणि माझ्या हलव्याचा काटा इतरांहून तीक्ष्ण असावा ही हौस आजही सुटलेली नाही. पण दावा खरा नाही. जपानमध्ये कोनपेइतो नावाची काटेरी साखरगोळी बनते. मूळ मिठाई पोर्तुगीजांची. 1569 मध्ये लुइश फ्रोइश या पाद्र्याने ती ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला भेट दिली होती. आपल्यासारखीच तीही पूर्वी खसखशीच्या दाण्यावर चढवत. आज ती तिरप्या, फिरत्या, तापलेल्या कढईत होते आणि तिलाही काटे येतात. तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाला त्या काट्यांचं इतकं कुतूहल वाटलं की त्याने त्यावर लिहिलं. मात्र यंत्र असूनही तिथले कारागीर एका घाण्याला दोन-दोन आठवडे देतात. यंत्राने हाताचे श्रम वाचले, थर सुकायचा वेळ वाचला नाही. आपल्या बाजारातला काही हलवा बोथट दिसतो त्याचा दोष मी म्हणूनच यंत्राला देत नाही, घाईला देते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: नोकरी करणाऱ्या बाईला आठवडा कुठून मिळणार? पण हलवा दिवसभर बसून करायचा नसतोच. सकाळी दोन तास थर द्यायचे, मग परात झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तेच दाणे पुढे न्यायचे. पहिल्या दिवशी तिळावर नुसती पांढरी झाक दिसते, काट्याची चाहूल नंतरच लागते. एका दुपारच्या वर्गात ती येऊच शकत नाही, म्हणून तिथे विकतचा हलवा आणून त्याचे दागिने गुंफायला शिकवतात. सुनेच्या पहिल्या सणाला किंवा बाळाच्या बोरन्हाणाला ते दागिने हवेच असतात, ते शिकवणंही चांगलं. फक्त त्या वर्गाला दागिन्यांचा वर्ग म्हणावं. आणि हलव्याचा वर्ग घ्यायचा असेल तर तो कोरड्या थंडीत, सकाळी, सलग सात दिवसांचा घ्यावा; फी त्या मानाने जास्त लावली तरी चालेल.