हिरकणीची वाट

आकाश निरभ्र असले की आमच्या गावातून रायगड दिसतो. त्यामुळे हिरकणीची कथा आम्हां मुलींना कोणी मुद्दाम सांगावी लागत नाही. ती येथल्या पाण्यातूनच पोटात जाते. सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हिरकणी झाले होते. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, तिन्हीसांजेला बंद झालेले दरवाजे, खाली घरी एकटे असलेले तान्हे बाळ, आणि काळोखात उतरलेला तो कडा. हे सारे मी दहा मिनिटांत करून दाखवले. टाळ्या भरपूर पडल्या. पाळण्यातले बाळ म्हणून बाईंनी एक दुधी भोपळा दुपट्यात गुंडाळून ठेवला होता. तो शेवटपर्यंत एकदाही रडला नाही.

खरे बाळ कसे असते, हे मला या वर्षी कळले.

माझ्या वहिनी एस.टी.त वाहक आहेत. बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर परत आल्या. आमचे घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत आई आणि मी, आतल्या खोलीत दादा, वहिनी व बाळ. मध्ये फळ्यांची भिंत. त्या भिंतीतून पाल चुकचुकलेलीसुद्धा ऐकू येते, मग बाळाचे रडणे ऐकू येणार नाही तर काय!

ऑक्टोबरात माझी सत्र-परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर. रात्रीचे दोन वाजले असतील. दिवेलागणीपासून किरकिरत असलेले बाळ काही केल्या थांबेना. माझा तोल सुटला. पडल्या पडल्याच मी मोठ्याने म्हणाले, "वहिनी, दिवसभर घरातच तर असता. रात्री तरी तिला गप्प ठेवा ना!"

वहिनी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मागचे दार उघडल्याचा आवाज आला, रडणे दूर गेले आणि मला झोप लागली. सकाळी पाहते तो वहिनी मागच्या पडवीत, तुळईला टांगलेल्या झोळीशेजारी, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपलेल्या. एक हात झोळीच्या दोरीवर तसाच होता. मी चहा घेतला आणि पेपरला गेले.

पेपरात राष्ट्रीय उत्पन्नावर प्रश्न आला. पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे एक उदाहरण आम्हांला शिकवले आहे. एखाद्या गृहस्थाने आपले घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केले, तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते. बाई तीच, काम तेच. फक्त पगार थांबला, म्हणून ते काम हिशेबातून गेले. हे उदाहरण मी अगदी सविस्तर लिहिले. लिहिताना पडवीतल्या वहिनी मला एकदाही आठवल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले आणि आई आठ दिवस तिच्याकडे गेली. दादाची कारखान्यात दिवसपाळी. दुसऱ्याच दिवशी वहिनींना ताप भरला. पाजण्यापुरते बाळ त्यांच्याकडे, बाकी सगळे माझ्याकडे, अशी वाटणी झाली. बाळ तेव्हा पाच महिन्यांचे होते. मला वाटले, त्यात काय मोठेसे! बाळ झोपले की मी पुस्तक घेऊन बसेन.

गंमत म्हणून मी अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर नोंदी करायला घेतल्या. पहाटे पाचला जाग. दूध, ढेकर, लंगोट. पावणेसहाला पुन्हा लंगोट. साडेसहाला झोप. मी भांड्यांना हात लावला, तोच कुकरची शिट्टी झाली आणि बाळ उठले. आठला तेल आणि आंघोळ. पाय लांब करून त्यांवर बाळाला न्हाऊ घालताना मी आईला किती वेळा पाहिले होते! पण तेलाने माखलेले, मासोळीसारखे निसटणारे ते साडेसहा किलोंचे अंग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी घालणे, आणि ते पाणी डोळ्यांत जाऊ न देणे, हे पाहून येत नाही. मग धुरी, पावडर, झबले. झबले घालेपर्यंत ते ओले.

पाच महिन्यांचे बाळ पालथे पडायला शिकते. परत उताणे होणे त्याला अजून साधत नाही. म्हणून ते पालथे पडते आणि रडते. आपण उताणे करावे, की ते आनंदाने पुन्हा पालथे पडते आणि पुन्हा रडते. हाताला येईल ते तोंडात जाते: चादरीचे टोक, माझी वेणी, वहीचा कोपरा. लाळेरे पाच वेळा बदलले. दुपारी दोनपर्यंत बावीस नोंदी झाल्या आणि पान संपले. त्यांतली एकही नोंद पाव तासाहून मोठी नव्हती. खरे सांगते, त्यांतले कोणतेच काम जड नव्हते. पण एकही पुरे होत नव्हते. सकाळी ओतलेला चहा मी तीन वेळा गरम केला आणि शेवटी मोरीत ओतला. पुस्तक उघडलेच नाही.

संध्याकाळी मी वहिनींना विचारले, "रोज असंच असतं?"

तापातही त्या हसल्या. "आज शहाण्यासारखी वागली की हो वन्सं!" थट्टेत असल्या की त्या मला वन्सं म्हणतात.

पुढे वर्गात सरांनी सांगितले, की २०१९ साली केंद्र सरकारने लोकांच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. इतर मुली आकडे उतरवून घेत होत्या. मी मात्र वहीचे शेवटचे पान उघडून पाहत होते.

डिसेंबरात उष्टावण झाले. त्यावरून घरात आधी बरीच चर्चा झाली. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करायचे, म्हणून आईला ते पाचव्यातच हवे होते. नर्सताईंनी बजावले होते, की सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. आईची सहाण आणि तिच्यावरचे जायफळ-हळकुंड त्यामुळे आधीच रुसून फळीवर जाऊन बसले होते. शेवटी वहिनींनीच तोड काढली. "सहा पुरे झाले की सातवा लागतो. सातवा विषमच ना, आई?" शास्त्रही राहिले आणि नर्सताईही राहिल्या. बाळाच्या मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. बाळाने ती जिभेने बाहेर ढकलली, सर्वांकडे पाहिले, आणि मग ओठ चाटले. सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण लगेच पदराने डोळे पुसून आत गेल्या. दोन दिवसांनी त्यांना कामावर हजर व्हायचे होते.

१९६१ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची ठरवली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची केली. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या आईला शेतावर बाराव्या दिवशी जावे लागले होते. जेथे पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावे, असेही त्या दुरुस्तीत आहे. मी हे उत्साहाने वाचून दाखवले. वहिनी डबा पुसत म्हणाल्या, "चार वेळा? मी घाटात असेन तेव्हा पाळणाघर काय गाडीच्या टपावर बांधून आणायचं?"

कायदा वाईट नाही. पण गाडी धावती असते. आणि वरचे अन्न सुरू झाले म्हणून आईचे दूध काही थांबत नाही. नर्सताईंच्या सांगण्याप्रमाणे ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे असते.

पहिल्या दिवशी पहाटे वहिनींनी उकळलेल्या वाटीत दूध काढून ठेवले, झाकण घातले आणि पावणेसहाला बाहेर पडल्या. बाळाने ते दूध माझ्या हातून तीन चमचे घेतले आणि तोंड फिरवले. आईने नाचणीची पेज केली, तीही अर्धी अंगावर गेली. दर थोड्या वेळाने ते दाराकडे पाही. आमचे असे ठरले होते, की घाटातली फेरी संपवून गाडी साडेबाराला स्थानकावर येते आणि पंचवीस मिनिटे थांबते. तेवढ्यात मी बाळाला घेऊन जायचे. बऱ्याच एस.टी. स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी एक खोली असते. तिचे नाव 'हिरकणी कक्ष'. आमच्या स्थानकावरही ती आहे. पाटी मी रोज वाचत होते. आत कधी गेले नव्हते.

त्या दिवशी घाटात रस्त्याचे काम निघाले होते. गाडी एकला पाच मिनिटे असताना आली, म्हणजे पुन्हा सुटण्याच्या वेळेला. वहिनी उतरल्या. खाकी अंगरख्यावर छातीशी ओला डाग पसरला होता आणि तिकिटाच्या यंत्राचा पट्टा त्यांनी त्यावर ओढून धरला होता. पुढच्या फेरीचे प्रवासी दाराशी गर्दी करून उभे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून गाडीला बायकांची गर्दी असतेच. वहिनींनी गाडीकडे पाहिले, बाळाकडे पाहिले. बाळाने दोन्ही हात पसरले. त्या खोलीत गेल्या आणि मी दाराशी उभी राहिले.

"कंडक्टर कुठाय?" एका गृहस्थांनी घड्याळ पाहत विचारले.

"बाळाला पाजतायत," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बैठकच मारली. "पाजू दे गो बाय तिला. गाडी काय पळून जातेय?" मग आणखी दोघी बसल्या. चालककाकांनी इंजिन बंद केले. वाहतूक नियंत्रकांनी खिडकीतून पाहिले, आणि समोरच्या वहीत पुन्हा डोके घातले. गाडी आठ मिनिटे उशिरा सुटली. आठ मिनिटांत जगात काहीही बिघडले नाही.

जानेवारीत आमच्या वर्गाची सहल रायगडावर गेली. हिरकणी बुरुजावर इतिहासाच्या सरांनी कथा सांगितली. ही दंतकथा आहे, पण पायथ्याची हिरकणीवाडी आणि हा बुरुज यांनी ती जिवंत ठेवली आहे, असे ते म्हणाले. महाराजांनी हिरकणीला साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला आणि ती ज्या कड्यावरून उतरली तेथे बुरुज बांधून ती वाट बंद केली. मी खाली पाहिले. कड्याची धार पाहून पोटात गोळा आला. आणि जे सातवीत सुचले नाही ते विचारले, "सर, मग पुढच्या वेळी एखाद्या गवळणीला उशीर झाला असेल, तर ती कुठून उतरली असेल?"

मुले हसली. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, तो किल्ला होता. दरवाजे वेळेवर लागलेच पाहिजेत, आणि शत्रू चढेल अशी वाट बुजवलीच पाहिजे."

सरांचे खरे आहे. किल्ल्याला तसे करावेच लागते. पण घर काही किल्ला नाही, कचेरी किल्ला नाही, आमचे महाविद्यालयही किल्ला नाही. आपण मात्र आयांसाठी बुरुजच बांधत असतो. त्यांच्या त्यागावर भाषणे करतो, स्नेहसंमेलनात टाळ्या वाजवतो. दरवाजा आठ मिनिटे उघडा ठेवायचे कोणाला सुचत नाही. ते सुचले टोपलीवाल्या आजींना.

परतीच्या गाडीत सगळे गाणी म्हणत होते. मला राहून राहून ऑक्टोबरातली रात्र आठवत होती. त्या रात्री दरवाजा मीच लावला होता, आणि वहिनी मागच्या दाराने काळोखात उतरून गेल्या होत्या.

त्या बोलण्याबद्दल मी वहिनींची क्षमा अजून मागितलेली नाही. दोनदा तोंडापर्यंत आले आणि दोन्ही वेळा बाळ रडले. आता बाळ बसते, पोटावर सरकत माझ्या पुस्तकांपर्यंत येते. रात्री दोनला त्याला जाग येते, वहिनींची पावणेसहाची ड्यूटी असते, तेव्हा पाजून झाले की मी त्याला उचलते आणि पडवीत झोळीशी नेते. एप्रिलमध्ये माझी वार्षिक परीक्षा आहे. एका हाताने दोरी ओढीत दुसऱ्या हाताने मी वही धरते. अभ्यास होतो, पण पुरा होत नाही. काल पहाटे पाहिले, तर पिगूचे पान बाळाने अर्धे चावून टाकले होते.