गल्लीतला पडदा

तो मांजरपाटाचा होता. दोन-तीन पन्ने जोडून शिवलेला, कडेला काळी पट्टी आणि कोपऱ्यांना दोऱ्या ओवायच्या कड्या. अंबरनाथ पूर्वेला कानसई, वडवली सेक्शन, शिवमंदिराकडे जाणारा रस्ता या भागांतल्या गणेशोत्सव मंडळांच्या पेटीत, झांजा आणि सतरंज्यांच्या सोबतीने, तो वर्षभर घडी होऊन पडलेला असे. भाद्रपद जवळ आला की नीळ घालून धुतला जाई. मग एक दोरी विजेच्या खांबाला, दुसरी चाळीच्या गॅलरीला, आणि स्वारी भर रस्त्यात उभी राही. फळ्यावर खडूने पिक्चरचं नाव लिहिलेलं असे. पोरं दुपारीच पोती अंथरून जागा धरत.

त्याच्याकडे तिकीट नव्हतं. पावतीपुस्तकातली वर्गणी हेच तिकीट, आणि वर्गणी न दिलेल्यालाही तो उठवत नसे. कुठला पिक्चर आणायचा यावर मंडळाच्या बैठकीत खडाजंगी होई. बायकांना कौटुंबिक हवा, तरुणांना मारामारीचा, म्हाताऱ्यांना देवादिकांचा. ठरला की मुंबईहून भाड्याने १६ मिलीमीटरचं मशीन आणि रिळांचे डबे येत. १६०० फुटांचं एक रीळ साधारण ४४ मिनिटं चाले, म्हणून तीन तासांच्या चित्रपटाला चार-पाच रिळं लागत. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागत. तेवढ्यात कुणी झोपलेलं मूल खांद्यावर टाकून घरी पोचवून येई, आणि कर्ण्यावरून हरवलेल्या पोराचं नाव पुकारलं जाई.

स्वभावाने तो हळवा. वारा सुटला की पोटाशी फुगे आणि त्याच्यावरची नायिका गालांनी मोठी होई. कर्जतची गाडी भोंगा देत गेली की ऐन मोक्याचा संवाद बुडे. ज्याला तो पाठ असे तो शेजाऱ्यांना सांगे. पाऊस आला की आधी मशीनवर ताडपत्री पडे, मग माणसं आडोशाला पळत. पडदा तेवढा भिजत उभा राही.

त्याचं खरं मोठेपण मात्र पाठीमागे होतं. कापड पातळ, त्यामुळे प्रकाश आरपार जाई आणि चित्र दोन्हीकडून दिसे. समोर जागा नाही मिळाली की लोक निवांत मागे जाऊन बसत. मागे सगळं उलटं. डावखुऱ्या अमिताभचा ठोसा तिथे उजव्या हाताने बसे. ‘दीवार’मधला त्याचा ७८६चा बिल्ला उजवीकडून डावीकडे वाचावा लागे. तरी कुणाची तक्रार नसे, कारण गोष्ट तीच होती आणि रडू त्याच जागी येई. उशिरा आलेल्यालाही जागा देणारं असं थिएटर मला दुसरं माहीत नाही.

उघड्यावरचा पडदा दुसरीकडेही होता. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ ६ जून १९३३ रोजी रिचर्ड हॉलिंग्जहेडने पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर उघडलं. त्याआधी घराच्या अंगणात झाडांना चादर बांधून, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून त्याने चाचणी घेतली होती. म्हणजे सुरुवात तिथेही कापडाचीच. पुढे मात्र प्रत्येक कुटुंब आपापल्या मोटारीत बसलं. मुंबईत वांद्र्याच्या कलानगरजवळ असं थिएटर बरीच वर्षं चाललं. २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका मॉलच्या गच्चीवर नवं सुरू झालं. आमच्या पडद्यासमोर मात्र मांडीला मांडी लागे, आणि शेजारीण हुंदका देई तो ऐकू येई.

हळूहळू आमचा पडदा मागे पडत गेला. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागला, पाठोपाठ व्हिडिओ आला. मग आवाजाचे नियम आले: २००० सालापासून रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आरती आणि जेवणं उरकून सुरू होणारा पिक्चर त्यात बसेना. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण त्या सगळ्यापेक्षा मोठा घाव गाड्यांनी घातला. जिथे सतरंज्या पसरत, तिथे आता रात्रभर दुचाक्या आणि मोटारी दुतर्फा उभ्या असतात. मॅचच्या दिवशी एखाद्या चौकात एलईडीची भिंत उभी राहते, पण तिच्या मागून काही दिसत नाही.

तरी पडदा पुन्हा लावता येईल, असं मला मनापासून वाटतं. भाद्रपदात सातपर्यंत अंधार पडू लागतो. आरती लवकर उरकून साडेसातला सुरुवात केली तर अडीच तासांचा पिक्चर दहापर्यंत संपतो. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तिची गरजही पडू नये. प्रोजेक्टर आता पिशवीत मावतो. निर्मात्याची रीतसर परवानगी घ्यावी, कापड मात्र पातळच शिवावं, आणि त्या एका संध्याकाळी गाड्या दुसरीकडे लावा म्हणून मंडळाच्या पोरांनी आठवडाभर आधी घरोघर जाऊन सांगावं.